नित्याची मुखशुद्धी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या चिटणिसांनी यंदाच्या संमेलनात आरोग्याविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा आम्हांस केली, त्या वेळी प्रथम आम्ही संकोचलो. आम्ही वैद्य नव्हे, दंतवैद्यही नव्हे. मॅट्रिक होऊन सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शाळांतून मुलांस बाराखडी व पाढे शिकविले आणि २०१६ साली सेवेतून निवृत्त झालो, एवढेच आमचे भांडवल. परंतु इतकी वर्षे दर शनिवारी सकाळच्या शाळेत मुलांची नखे, केस व दात तपासण्याचे काम आम्ही नेमाने केले. त्या अनुभवातून, आणि त्याहूनही अधिक आमच्या स्वतःच्या घरातील एका दुःखातून, आम्ही जे शिकलो ते आपणांपुढे ठेवावे असे वाटले. दात घासणे हा का भाषणाचा विषय, असे कोणी म्हणेल. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, एवढीच विनंती आहे.

दातावरचे पांढरे कवच हा आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. हाडाहूनही तो कठीण आहे. परंतु मोडलेले हाड सांधते, झिजलेले कवच मात्र पुन्हा उगवत नाही. आपल्या तोंडात असंख्य सूक्ष्म जंतू वस्ती करून असतात. दातांवर त्यांचा चिकट थर साचतो. आपण गोड अथवा पिठूळ पदार्थ खाल्ला की हे जंतू त्यापासून आम्ल तयार करतात आणि पुढे सुमारे अर्धा तास ते आम्ल दाताच्या कवचावर काम करीत राहते. मग लाळ हळूहळू त्याचा जोर मोडून काढते. म्हणून किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे अधिक महत्त्वाचे. जेवणाबरोबर एक लाडू खाल्ला तर दातांवर एकच हल्ला झाला. तोच लाडू मोडून दिवसभरात चार वेळा खाल्ला तर चार हल्ले झाले. घडोघडी साखरेचा चहा आणि त्यात बुडविलेले बिस्किट, ही आपल्या घरांतील रीत दातांस फार महाग पडते.

निजेत लाळ फारच कमी सुटते. सकाळी उठल्यावर तोंडास जी दुर्गंधी येते तिचे हेच कारण. त्यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात यावी. सकाळी दात घासण्याचा नेम आपण सारेच पाळतो. पण रात्री निजण्यापूर्वी दात घासणे त्याहूनही अगत्याचे आहे. घराचे दार दिवसा लावावे आणि रात्री सताड उघडे टाकावे, असे कोणी करील काय?

मुखदुर्गंधीचा उगम पोटात असतो, असा एक समज आहे. क्वचित तसे असेलही. परंतु बहुधा तो तोंडातच असतो: जिभेच्या मागील भागावरचा थर, सुजलेल्या हिरड्या, किडलेली दाढ, अथवा दातांच्या फटीत अडकून कुजलेले अन्न. बडीशेप, लवंग, वेलदोडा यांनी ती घटकाभर झाकली जाते, जात मात्र नाही. दररोज जीभ तांब्याच्या अथवा पोलादी पट्टीने मागून पुढे हलकेच खरवडावी. जेवणानंतर खळखळून चूळ भरण्याची आपल्या वडिलांनी लावलेली सवय उत्तम आहे. ती सोडू नये.

घासण्याची रीतही सांगितली पाहिजे, कारण जोराने घासले म्हणजे दात स्वच्छ झाले अशी पुष्कळांची समजूत असते. ब्रश मऊ केसांचा घ्यावा आणि तीन महिन्यांनी, किंवा केस विस्कटताच, बदलावा. दात आणि हिरडी जेथे मिळतात तेथे तो तिरका टेकवून लहान लहान वर्तुळांत फिरवावा. बाहेरची बाजू, आतली बाजू आणि चावण्याचा पृष्ठभाग, कोणतीही वगळू नये. निदान दोन मिनिटे लागावीत. पेस्ट घेताना तीत फ्लोराइड आहे की नाही, हे वेष्टनावर पाहावे, कारण ते दाताचे कवच बळकट करते. घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा. लगेच पाण्याने पुष्कळ चुळा भरल्या तर ते औषध धुऊन जाते. हिरडीतून रक्त आले म्हणून पुष्कळजण घासणेच बंद करतात. हे उलटे आहे. रक्त येणे ही हिरडी सुजल्याची खूण होय. तेथे अधिक काळजीने, पण हलक्या हाताने घासावे आणि रक्त थांबले नाही तर दंतवैद्यास दाखवावे. मधुमेही मंडळींनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी साखर आवरणे कठीण जाते. आमच्याप्रमाणे ज्यांनी कवळी बसविली आहे, त्यांनी ती रात्री काढून, ब्रशने स्वच्छ करून पाण्यात ठेवावी.

आता माताभगिनींसाठी दोन शब्द. दुधाचे दात पडणारच, मग त्यांची कशाला काळजी, असे म्हणू नका. ते वीस दात पुढच्या दातांची जागा राखून ठेवतात. बाळास दुधाची बाटली तोंडात देऊन निजवू नये. पहिला दात दिसताच तो घासू लागावे; तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. मूल सहा वर्षांचे झाले की दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. कोणताही दात न पडता ती येते, त्यामुळे आईबाप तिलाही दुधाचीच समजतात. ती कायमची असते! पहिली-दुसरीतील मुलांच्या तोंडात हीच दाढ किडलेली आम्ही कितीदा पाहिली, याची गणती नाही.

यावर वृद्ध मंडळी म्हणतील, "आम्ही कोठे पेस्ट वापरली? राखुंडीवर आमचा जन्म गेला." त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. कडुलिंबाची अथवा बाभळीची ताजी काडी नीट चावून वापरली तर ती वाईट नाही. पण राख, कोळसा, विटेची पूड व जाडे मीठ यांनी कवच घासून जाते, हिरडीपाशी दातास खाचा पडतात आणि मग थंड पाणी लागताच जीव कळवळतो. तथापि हे सारे नुकसान दातांपुरते आहे. ज्या एका वस्तूने जिवाचेच नुकसान होते, तिच्याकडे आता वळतो. ती वस्तू म्हणजे मिशेरी.

आमच्या मातोश्रींची एक दाढ त्यांच्या ऐन तारुण्यात किडली. गावात दंतवैद्य नव्हता आणि बाईमाणसाच्या दाढेसाठी तालुक्याला जाण्याची त्या काळी रीत नव्हती. शेजारणीने सांगितले, मिशेरी लाव, कळ थांबेल. कळ थांबली, कारण तंबाखूने हिरडी बधिर होते. दाढ पुढे पडून गेली, मिशेरी राहिली. पहाटे एकदा लावणाऱ्या मातोश्री पुढे दुपारी, सायंकाळी आणि निजतानाही ती लावू लागल्या. तंबाखूचे विष हिरडीतून रक्तात जाते आणि मन पुन्हा पुन्हा तेच मागते, हे आम्हांस पुढे कळले. घरात तव्यावर तंबाखू भाजण्याचा तो उग्र वास आजही आठवतो. आणि ती तंबाखू दर बाजारी कोण आणून देत असे? आम्हीच. आईने मागितले आणि मुलाने आणले, यात काही वावगे आहे असे कधी मनातही आले नाही.

१९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू घालण्यास बंदी केली. वर्तमानपत्रातील ती बातमी आम्ही वर्गात मोठ्याने वाचून दाखविली. पुढील वर्षी चौथीतील एका मुलीचे दात तपासताना ते काळे दिसले. "मिशेरी लावतेस?" म्हणून आम्ही तिला रागे भरलो. ती खाली मान घालून म्हणाली, "गुरुजी, तुमच्या घरच्या आजी बी लावत्यात की." सारा वर्ग हसला. आम्ही तिला गप्प बसविले आणि पुढच्या मुलीकडे वळलो. बंधूंनो, शिक्षक म्हणून केलेल्या चुका पुष्कळ आहेत. पण ही चूक आम्ही स्वतःस क्षमा करू शकलेलो नाही. कायदा कारखान्यापर्यंत पोहोचला होता. आमच्या चुलीवरच्या तव्यापर्यंत त्याला पोहोचविणे हे आमचे काम होते, आणि त्या लेकराने ते आम्हांस सांगितले होते.

१९९४ साली मातोश्रींच्या गालाच्या आतल्या बाजूस पांढरा चट्टा दिसू लागला. दुखत नव्हता, म्हणून कोणी लक्ष दिले नाही. तिखट लागेनासे झाले, तरी उष्णता झाली असेल म्हणून गुलकंद दिला. मुंबईस मोठ्या रुग्णालयात नेले तेव्हा उशीर झाला होता. १९९६ साली त्या गेल्या. शेवटचे काही महिने त्यांस घोटभर पाणीही गिळवत नसे. हे दुःख आम्ही कधी चारचौघांत बोललो नव्हतो. आज बोललो, कारण या मंडपातही पदराआड मिशेरीची डबी असलेल्या काही भगिनी असतील, आणि त्या आम्हांस मातोश्रींच्याच ठिकाणी आहेत.

मिशेरी, तंबाखू व गुटखा यांनी तोंडाचा कर्करोग होतो, याविषयी आता शंका राहिलेली नाही. नुसती सुपारीही निर्दोष नाही. तिच्या नित्य चघळण्याने गाल आतून ताठर होतात आणि तोंड उघडेनासे होते. गरोदर स्त्रीने मिशेरी लावल्यास बाळ कमी वजनाचे निपजण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक घरात महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून तोंड पाहावे. पांढरा अथवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट सहन न होणे, आपलीच तीन बोटे उभी धरून दातांमध्ये न मावणे, यांपैकी एकही खूण दिसली तर दुखण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. वेळीच गाठले तर हा रोग बरा होऊ शकतो. आणि दाढ दुखू लागली तर दंतवैद्याकडे जावे. मातोश्रींच्या साऱ्या कथेचे मूळ एका न दाखविलेल्या दाढेत होते, हे कृपा करून विसरू नका.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, आपल्या सभांत व लग्नकार्यांत जे पानाचे तबक फिरते, त्यातून तंबाखूची डबी यंदापासून कायमची उचलावी. दुसरी, महिला शाखेच्या हळदीकुंकवाच्या दिवशी एखाद्या स्त्री दंतवैद्यास बोलावून सर्व भगिनींची तोंडे तपासून घ्यावीत. तेथे जी संकोच न करता येईल, ती दवाखान्यात कदाचित कधीच जाणार नाही. तिसरी, मिशेरी सोडू पाहणाऱ्या सुनेस अथवा सासूस घरच्यांनी हसू नये. पहिले काही दिवस डोके दुखते, चित्त थाऱ्यावर राहत नाही. त्या दिवसांत तिला रागे भरण्याऐवजी आधार द्यावा, आणि घरातील पुरुषांनी आपली चंची तिच्याबरोबरच बाजूस ठेवावी.

मुलांचे दात तपासणे सोपे असते; आपले स्वतःचे तोंड तपासणे कठीण. परंतु मुले आपण सांगतो ते करीत नाहीत, आपण करतो ते करतात. आज रात्री घरी गेल्यावर निजण्यापूर्वी मुलानातवंडांस सोबत घेऊन सर्वांनी दात घासावेत, आणि ज्या घरी मिशेरीचा तवा असेल त्या घरी तो घासूनपुसून उद्यापासून भाकरीसाठी वापरावा, एवढेच आमचे मागणे आहे.