हमीदचे तीन पैसे



शाळेच्या हस्तलिखितासाठी तुम्ही कथा लिहिता. पुष्कळदा त्या कथेतील मुलाचे नाव सलीम असते. पण त्याचे घर, त्याचे बोलणे, त्याचे दुःख हे सारे पाठ्यपुस्तकातून उचललेले असते. शेवटी तात्पर्यही जोडलेले असते. वाचक मात्र दुसऱ्या पानावरच जांभई देतो! वाचकाला शेवटपर्यंत धरून ठेवायचे ते कसे? यासाठी मी एकच कथा तुमच्यापुढे ठेवतो. प्रेमचंदांची ‘ईदगाह’. ती १९३३ साली प्रसिद्ध झाली. पुष्कळांनी वाचलेली असेल. ती आता लेखकाच्या नजरेने पुन्हा पाहू.

चार-पाच वर्षांचा हमीद. आईबाप वारलेले, दादी अमीना त्याला सांभाळते. वडील कमवायला गेलेत आणि आई अल्लामियाँच्या घरून छान छान वस्तू आणायला गेली आहे, असे त्याला वाटते. लेखक इथे रडत बसत नाही. पोराची ती भोळी समजूत आपल्यापुढे ठेवतो आणि पुढे जातो. रडायचे की नाही, ते वाचकाने ठरवावे.

मग येतो हिशेब. मोहसिनजवळ पंधरा पैसे, महमूदजवळ बारा आणि हमीदजवळ तीन. रुपयाचे ६४ पैसे असण्याचा तो काळ. ‘हमीद फार गरीब होता’ या वाक्याने जे साधले नसते, ते या तीन आकड्यांनी साधले. शिवाय एक ओढ लागली. हा पोरगा तीन पैशांचे करणार काय? इतर मुले भिश्ती, शिपाई, वकील घेतात, मिठाई खातात. हमीद नुसता पाहत राहतो. प्रत्येक दुकानापाशी आपला जीव टांगणीला लागतो. वाचकाला बांधून ठेवायला खून-दरोडे लागतातच असे नाही, हे आमच्या रहस्यकथाप्रेमी मंडळींनी ध्यानात घ्यावे.

लोखंडी सामानाच्या दुकानापाशी हमीद थांबतो. दादीकडे चिमटा नाही, तव्यावरून रोटी उतरवताना तिचा हात भाजतो, हे त्याला तिथे आठवते. हीच गोष्ट लेखकाने पहिल्या पानावर सांगितली असती तर? चिमटा घेणार हे आपण आधीच ओळखले असते आणि सारी मजा गेली असती. काय सांगावे याइतकेच ते केव्हा सांगावे यालाही महत्त्व आहे. दुकानदार सहा पैसे सांगतो, पाचावर येतो आणि अखेर तिनाला देतो. घरी आल्यावर अमीना आधी रागावते, मग रडते. तिने आधी रागावणे फार आवश्यक होते. ती लगेच विरघळली असती तर आपला विश्वास बसला नसता.

प्रेमचंद मुसलमान नव्हते. पण लहानपणी ते मौलवीसाहेबांकडे उर्दू-फारसी शिकले आणि आरंभी उर्दूतच लिहीत. ईदची सकाळ त्यांनी जवळून पाहिली होती. तुम्ही तर ती जगता! मग तुमच्या कथेत ती का उतरत नाही? घरी दखनी किंवा कोकणी बोलणाऱ्या मुलाला आपली मराठी अशुद्ध वाटते, म्हणून तो घरच पुसून टाकतो. निवेदन शाळेच्या मराठीत करा, पण अम्मीला तिच्याच बोलीत बोलू द्या. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी ‘इंधन’ या कादंबरीत कोकणातले मुसलमान गावच मराठीत आणले. त्यांची सामाजिक मते कुणाला पटोत वा न पटोत, कथालेखक म्हणून त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

तर मुलांनो, आज स्वयंपाकघरात थोडा वेळ बसा. तिथे काय आहे यापेक्षा काय नाही ते पाहा, आणि त्यावर एक पान लिहा. पालकांनाही एक विनंती. त्या पानात घरची तंगी दिसली, अब्बांची उधारी दिसली, तर ‘घरची लाज वेशीवर टांगलीस’ म्हणून वही हिसकावून घेऊ नका. आधी पूर्ण वाचा. आवडली नाही तर कुठे कंटाळा आला, तेवढे मुलाला सांगा.