गोळी आणि मर्मस्थान

मोठ्या जनावराला मोठी गोळी हवी, ही समजूत रायफलीइतकीच जुनी आहे. हत्ती, गवा किंवा वाघ समोर उभा असता हातातील शस्त्र लहान वाटू लागावे आणि त्याहून जड, त्याहून मोठा बार करणारे शस्त्र हवेसे व्हावे, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. परंतु शिकारी गोळीचा इतिहास पाहू जाता निराळेच सत्य हाती लागते. गोळी किती मोठी होती, यापेक्षा ती कोठपर्यंत पोहोचली आणि पोहोचेपर्यंत कोणत्या अवस्थेत राहिली, यावर तिचे यशापयश ठरते.

या विधानाचे सर्वांत प्रसिद्ध प्रमाण म्हणजे वॉल्टर बेल हा स्कॉटिश शिकारी. विसाव्या शतकाच्या आरंभी हस्तिदंतासाठी आफ्रिकेत हिंडताना त्याने हजाराच्या आसपास हत्ती मारले. हा आकडा आज ऐकवत नाही. तथापि गोळीच्या अभ्यासकाला त्यातील एक गोष्ट विसरता येत नाही. यांपैकी बहुतेक हत्ती त्याने सात मिलिमीटर व्यासाच्या मॉझर काडतुसाने मारले. त्या काडतुसातील गोळीचे वजन १७३ ग्रेन, म्हणजे अवघे ११ ग्रॅमच्या आसपास. हत्तीसाठी त्या काळी प्रचारात आलेल्या ४७० क्रमांकाच्या जोडनळी रायफलीची गोळी ५०० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅमची असे, आणि नळीतून बाहेर पडताना तिच्यातील ऊर्जा मॉझरच्या गोळीच्या सुमारे अडीचपट भरे. मग जे काम या दांडग्या गोळीकडे सोपवायचे, ते ११ ग्रॅमची गोळी कसे करीत होती?

याची कारणे दोन. पहिले कारण ज्ञानाचे. हत्तीच्या प्रचंड मस्तकात मेंदू लहानशा जागेत, बराच मागे आणि खाली असतो. भोवती मधाच्या पोळ्यासारखे पोकळ कप्प्यांचे हाड असते. बेलने हत्तीची कवटी उभी करवतीने कापून मेंदूची जागा पाहून घेतली होती. कोणत्या कोनातून कोठे नेम धरावा, हे तो जाणत होता. दुसरे कारण गोळीच्या घडणीचे. ती गोल टोकाची, व्यासाच्या मानाने लांब आणि टोकापर्यंत कठीण धातूच्या आवरणात बंद केलेली होती. मूठ आणि दाभण सारख्याच जोराने मारले, तर पोत्यातून आरपार जाते ते दाभण. लांब आणि बारीक गोळीचे सारे वजन अशाच लहानशा छेदामागे एकवटलेले असते. त्यामुळे ती हाड फोडून, न वाकता, न फुटता, सरळ रेषेत आत जात राहते.

तर मग हीच कठीण गोळी सर्व जनावरांसाठी का वापरू नये? कारण हत्तीच्या बाबतीत जो गुण, तोच हरिणाच्या किंवा वाघाच्या बाबतीत दोष ठरतो. पातळ कातडीच्या प्राण्याच्या देहातून अशी गोळी लहानसे भोक पाडून पलीकडे निघून जाते. मेंदूवर किंवा कण्यावर बसली तर ठीक. एरवी जनावर रक्ताचा थेंबही न सांडता मैलभर पळते आणि कोठेतरी झाडीत तासन्‌तास तडफडत मरते.

येथे एका हिंदी गावाचे नाव जगाच्या कोशात गेले आहे. १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर इंग्रज सैन्यात अशी तक्रार होऊ लागली की, ३०३ रायफलीची आवरणबंद गोळी लागूनही शत्रू थांबत नाही. कलकत्त्याजवळील डमडम येथील दारूगोळ्याच्या कारखान्यात यावर तोड निघाली. आवरण टोकाशी उघडे ठेवून आतील मऊ शिसे मोकळे करण्यात आले. अशी गोळी लक्ष्यावर आदळताच अळंब्यासारखी फुलते आणि रुंद जखम करते. १८९९ च्या हेग परिषदेने देहात फुलणाऱ्या अशा गोळ्या युद्धात वापरण्यास निषिद्ध ठरविल्या. परंतु जी गोळी रणांगणावर क्रूर ठरली, तीच वनात दयाळू मानली गेली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१ च्या हरिणविषयक कायद्याने रायफलीने हरिण मारताना मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी वापरणे बंधनकारक केले. युद्धात सैनिकाला निकामी करणे पुरते. त्याहून अधिक यातना व्यर्थ होत. शिकारीत मात्र अर्धवट जखम हीच सर्वांत मोठी यातना असते.

पण फुलणाऱ्या गोळीलाही तिचा दोष आहेच. वेग वाढला की ऊर्जा त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून काडतुसे अधिकाधिक वेगवान होत गेली. जवळच्या अंतरावर इतक्या वेगाने खांद्याच्या हाडावर आदळलेली मऊ गोळी कातडीखालीच फुटून विखुरते. उलट, फार लांबवर तिचा वेग इतका मंदावतो की ती फुलतच नाही. १९४६ साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जॉन नॉस्लर या अमेरिकन शिकाऱ्याला हाच अनुभव आला. चिखलाने माखलेल्या मूस जातीच्या प्रचंड सांबरावर त्याच्या गोळ्या आत न शिरताच फुटून गेल्या. या अपयशातून त्याने तांब्याच्या आवरणाला मध्यभागी आडवी भिंत असलेली गोळी तयार केली. भिंतीपुढचे शिसे फुलून जखम रुंद करते. भिंतीमागचे शिसे शाबूत राहून गोळीला आत रेटते. फुलणे आणि शिरणे या परस्परविरोधी गरजांचा मेळ त्याने एका गोळीत घातला.

या साऱ्या खटाटोपाची किंमत केवळ शिकाऱ्याच्या यशात मोजून भागत नाही. कुमाऊँमधील चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ साली जिम कॉर्बेटने मारली. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी नोंदले गेले होते. तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले आढळले. वरचा अर्धा तुटलेला, खालचा पार हाडापर्यंत गेलेला. ही जुनी इजा बंदुकीच्या गोळीची होती, आणि त्यामुळेच तिला नैसर्गिक भक्ष्य मारणे अशक्य झाले, असा कॉर्बेटचा निष्कर्ष होता. म्हणजे कोणा अज्ञात माणसाची एक गोळी लागली खरी, पण मर्मी लागली नाही; तिचे मोल शेकडो घरांनी चुकविले. या कामगिरीबद्दल कॉर्बेटला जी रिग्बी रायफल भेट मिळाली, ती २७५ क्रमांकाची होती. तिचे काडतूस बेलचेच, सात मिलिमीटर मॉझरचे. हत्यार तेच, फरक घडतो तो गोळीच्या निवडीत आणि नेमात.

अलीकडे गोळीचा आणखी एक दोष ध्यानी आला आहे. फुटलेल्या शिशाचे बारीक कण मृत जनावराच्या मांसात राहतात आणि ते खाणाऱ्या पक्ष्यांना विषबाधा होते. नामशेष होत चाललेल्या काँडॉर गिधाडांच्या रक्षणाच्या प्रश्नातून कॅलिफोर्नियात शिशाच्या गोळ्यांवर निर्बंध आले, आणि १ जुलै २०१९ पासून तेथे वन्य प्राण्यांच्या शिकारीसाठी त्या सर्वत्र बंद झाल्या. त्यांची जागा निखळ तांब्याच्या गोळ्या घेत आहेत. त्या फुलतात, पण सहसा तुटत नाहीत. गोळीचा परिणाम जनावर कोसळल्यावर संपत नाही, हे येथे उघड झाले.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर हौसेच्या शिकारीचे युग सरले. माणसाच्या जिवावर उठलेला वाघ जिवंत पकडणे अशक्य ठरले, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. ती गोळी सुटते तेव्हा तिच्याकडे शौर्याचे चिन्ह म्हणून पाहता येत नाही. ते एक कठोर कर्तव्य असते. आणि म्हणूनच गोळीचे वजन, तिचे आवरण, तिचे टोक आणि तिचा वेग यांचा विचार बार काढण्यापूर्वीच झाला पाहिजे. ज्याला गोळी कोठपर्यंत पोहोचेल याची खात्री नाही, त्याने रायफल खाली ठेवावी, हाच या विद्येचा पहिला नियम होय.