नेम चुकला नव्हता, हवा गळत होती
(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही पाण्याबद्दल किंवा विजेबद्दल बोलणार नाही, हवेबद्दल बोलणार आहोत. हवा फुकट असते असं आपण समजतो. ती साठवायची वेळ आली म्हणजे तिची किंमत कळते.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणलं. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं जागतिक अजिंक्यपद मिळवलं होतं. तेव्हापासून आपल्या घरांतली पोरंही नेमबाजीला जाऊ लागली आहेत. सुरुवात होते १० मीटरच्या हवेच्या रायफलीपासून. आम्ही काही पालक मिळून तालुक्याच्या रेंजवरच्या अशा रायफली सांभाळतो. आमच्यापैकी कुणी इंजिनिअर नाही. जे शिकलो ते नुकसान सोसून शिकलो.

आमच्या रेंजवरच्या एका मुलीसाठी घरच्यांनी म्हैस विकून जुनी रायफल घेतली. स्पर्धेच्या आदल्या रात्री सिलिंडर २०० बारपर्यंत भरला. साठ छऱ्यांची स्पर्धा. चाळिशीपर्यंत पोरगी छान मारत होती, मग छरे खाली जाऊ लागले. तिनं साईट फिरवली, श्वास बदलला, उभं राहणं बदललं. काही उपयोग झाला नाही. बाहेर आली ती रडतच. बाप म्हणाला, "अभ्यास कमी पडला." आम्हीही मान हलवली. दोन दिवसांनी काटा पाहिला तर सिलिंडर जवळजवळ रिकामा. पोरीचा नेम चुकला नव्हता, हवा गळत होती. त्या मान हलवण्याची लाज वाटते, म्हणून आज हे बोलायला उभे राहिलो.

आधी यंत्र समजून घेऊ. मोटरसायकलच्या टायरात साधारण २ बार हवा असते. या सिलिंडरात २०० बार, म्हणजे शंभरपट. तिथून हवा रेग्युलेटरकडे जाते. रेग्युलेटर दाब उतरवून दर छऱ्याला सारखी हवा देतो. घोडा ओढला की हातोडी झडपेवर बसते, झडप क्षणभर उघडते आणि छरा सुटतो. सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या दाबाखाली गेला की प्रत्येक छऱ्यामागचा जोर कमी होत जातो आणि छरा खाली बसतो. त्या दिवशी नेमकं हेच झालं.

आता गळती शोधायची कशी? विहिरीवरचा पंप हवा धरायला लागला तर आपण लगेच नवा पंप आणतो का? नाही. फूटव्हॉल्व्ह पाहतो, पाईपचे सांधे पाहतो, ग्लँड पाहतो. एकेक भाग वेगळा करून दोष कुठे आहे ते ठरवतो. इथेही तेच करायचं.

पहिली गोष्ट, गळती आहे की नुसता थंडावा आहे ते ठरवा. भरताना हवा तापते. ४५ अंशांना २०० बार दाखवणारा सिलिंडर २५ अंशांवर आला की १८७ च्या आसपास दाखवतो. तेरा बार कुठे गेले नाहीत, हवा फक्त थंड झाली. म्हणून भरल्यावर तासभर थांबा, मग आकडा लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच खोलीत पुन्हा पाहा. तरीही उतरला असेल तर गळती आहे.

दुसरी गोष्ट, दोन वाटे करा. सिलिंडर रायफलीवरून काढा. त्याची झडप आपोआप मिटते. रात्रभर वेगळा ठेवा. दाब टिकला तर दोष रायफलीत, उतरला तर सिलिंडरच्या झडपेत किंवा काट्याच्या सांध्यात. एवढ्यानं निम्मं काम होतं आणि त्याला एक पैसा लागत नाही.

तिसरी गोष्ट, साबणाचा फेस. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो, तसं रायफलीला करायचं नाही. मऊ ब्रशनं सांध्यावर फेस लावा, बुडबुडा येतो का पाहा आणि लगेच कोरडं पुसा. सांध्यातून बुडबुडा आला तर बहुधा ओ-रिंग कापलेली किंवा चपटी झालेली असते, नाहीतर तिच्याखाली केस किंवा मातीचा कण असतो. फवारणी पंपाच्या वॉशरचीच ही बहीण. रेग्युलेटरच्या अंगाला एक बारीक भोक असतं. तिथून हवा येत असेल तर आतली रिंग गेली आहे. ते भोक बुजवू नका. ते मुद्दाम ठेवलेलं असतं.

चौथी गोष्ट, नळी. आत छरा नाही याची खात्री करा आणि नळीच्या तोंडावर फुगा चढवा. घोड्याला हात न लावता फुगा हळूहळू फुगू लागला तर झडप नीट बसत नाही. नळीला कान लावून ऐकायचं नाही, डोळा तर मुळीच लावायचा नाही. रायफल रिकामी आहे असं सांगणाऱ्या माणसावर कधी विश्वास ठेवू नका, तो माणूस आपण स्वतः असलो तरी.

त्या मुलीच्या रायफलीत फुगा फुगला. झडप उघडली तेव्हा बसकेवर गंजाचा कण सापडला. हवेच्या यंत्रात गंज कुठून आला? गंजाला पाणी लागतं. मग पाणी कुठून आलं? ते आम्हीच भरलं होतं.

हिशेब करून पाहा. पावसाळ्यात २५ अंशांची दमट हवा एका घनमीटरमध्ये सुमारे २० ग्रॅम पाणी बाळगते. २०० मिलिलिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरायला बाहेरची ४० लिटर हवा लागते. त्या हवेत पाऊण ग्रॅमहून जास्त पाणी असतं, म्हणजे पंधरा-सोळा थेंब. हवा दाबली म्हणून तिची पाणी धरायची ताकद वाढत नाही. जागा दोनशेपट कमी झाली की ओला कपडा पिळावा तसं पाणी बाहेर पडतं. अडवलं नाही तर ते सिलिंडरात आणि झडपेवर जातं. एकदा भरल्यानं काही होत नाही. दोन पावसाळे रोज भरा, मग स्प्रिंग गंजते, कण सुटतो, बसकेवर येऊन बसतो आणि हवा गळायला लागते. आजचा ओलावा ही उद्याची गळती. या दोन तक्रारी वेगळ्या नाहीत, एकाच रोगाच्या दोन पायऱ्या आहेत. म्हणून नुसती ओ-रिंग बदलून भागत नाही, भरायची पद्धत बदलावी लागते.

पद्धत साधी आहे. हातपंपानं भरत असाल तर पन्नास-साठ दट्टे मारले की थांबा, पंप थंड होऊ द्या आणि खालचा स्क्रू उघडून पाणी सोडा. तापलेल्या पंपात पाणी वाफ होऊन हवेबरोबर पुढे निघून जातं, थंड पंपात ते सापळ्यात उतरतं. घाई करणारा माणूस पाणी भरतो. त्याहून चांगलं म्हणजे चार-पाच रेंजनी मिळून गाळणी लावलेल्या कॉम्प्रेसरवर एक मोठा सिलिंडर भरून आणावा. मात्र त्या गाळणीतले ओलावा शोषणारे दाणे वेळच्या वेळी बदलले जातात का, ते विचारा. नुसती गाळणी दिसली म्हणून समाधान मानू नका.

आता काय करायचं नाही ते. आमच्यातल्या एकानं वेल्डिंगवाल्याकडच्या ऑक्सिजनवर रायफल भरायचं ठरवलं होतं. कोरडी हवा, स्वस्त, जवळची. वेळेवर अडवलं म्हणून वाचलो. जास्त दाबाचा ऑक्सिजन तेला-ग्रीसच्या नुसत्या डागावर पेट घेतो आणि स्फोट होतो. ऑक्सिजन कधीही नाही. ओ-रिंगला मशीनचं तेल, ट्रॅक्टरचं ग्रीस किंवा खोबरेल लावायचं नाही. बोटाच्या टोकावर मावेल एवढं सिलिकॉन ग्रीस पुरे. आत दाब असताना कुठलाही आटा सोडवायचा नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर घरी उघडायचे नाहीत. आपण शोधायचं आपण, आणि जिथे आपलं शिक्षण संपतं तिथे जाणकाराकडे जायचं. पण दोष कुठे आहे ते ठरवूनच जायचं. नाहीतर तो सांगेल ते बिल आणि मागेल तो भाग द्यावा लागतो.

आणखी एक. जुनी रायफल घेताना सिलिंडरवरची तारीख वाचा. स्पर्धेच्या या सिलिंडरांचं आयुष्य कारखान्यानं साधारण १० वर्षांचं ठरवलेलं असतं. तारीख उलटलेला सिलिंडर कितीही चकचकीत दिसला तरी भरायचा नाही. स्पर्धेत तपासणी झाली तर तो चालत नाही, आणि जबाबदारी खेळाडूवर येते. एका विक्रेत्यानं आमच्या दोन पालकांना असेच सिलिंडर गळ्यात मारले. बैलाचे दात मोजून पाहणारे आपण, सिलिंडरवरची तारीख मात्र पाहिली नाही.

कुणीतरी मागून विचारलं, की या रायफलीनं रानडुक्कर हटेल का. नाही, भाऊ. ही कागदावरच्या ठिपक्यासाठी आहे. दहाचा तो ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. डुकराचा प्रश्न वेगळा, त्यावर वेगळी बैठक घेऊ.

शेवटी एकच मागणं. प्रत्येक रायफलीमागे एक वही ठेवा. तारीख, वेळ, भरतानाचा दाब, दुसऱ्या दिवशीचा दाब. वही भरायचं काम मुलांनाच द्या. आमच्या त्या मुलीनं वही सुरू केली तेव्हापासून तिच्या रायफलीची गळती आम्हाला स्पर्धेच्या दिवशी नाही, आठवडाभर आधी कळते. तिच्या बापानं तिची माफी मागितली. आम्हीही मागितली.

पोर कमी पडलं असं म्हणण्याआधी काटा पाहा. एवढंच सांगायचं होतं.