मेंथ्याचा चोथा आणि टाकीचा हिशेब

उत्तर प्रदेशातील बाराबंकी परिसरात मे-जूनमध्ये मेंथ्याची कापणी होते आणि गावोगावी तेल काढण्याच्या भट्ट्या पेटतात. तेलाच्या भावाची चर्चा सर्वत्र होते. टाकीतील चोथ्याची मात्र क्वचितच. वस्तुतः हा वाफाळता चोथा उपसल्याखेरीज पुढचा घाणा भरता येत नाही. तोवर टाकीत गुंतलेले भांडवल निष्क्रिय राहते, कापलेला मेंथा पडून राहतो आणि उपसणाऱ्या मजुराला भाजण्याचा धोका असतो. तळाशी साखळ्या जोडलेली लोखंडी जाळी ठेवल्यास कप्पीने सारा चोथा एकदम उचलता येतो. वाळल्यावर तोच भट्टीला सरपण म्हणून चालतो. परंतु जाळीचा खर्च मालकाचा आणि भाजणे मजुराचे! म्हणूनच टाकीसाठी कर्ज देताना बँकांनी जाळी-कप्पीची किंमतही त्याच प्रस्तावात धरावयास हवी.