बेडरूमसाठी हीटर कोणता घ्यावा?

(संस्थेच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात एका सभासदाने केलेले भाषण)



नाशिकची थंडी मी तुम्हाला काय सांगावी? डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10 अंशांखाली उतरतो आणि आपल्या बेडरूम रात्रभर गारठतात. मग लिफ्टमध्ये प्रश्न ठरलेला, "कुठला हीटर घेऊ हो?" विजेच्या कामात माझं आयुष्य गेलं, म्हणून मला विचारतात. मी उलट दोन प्रश्न विचारतो. त्या खोलीत झोपतं कोण? आणि तिथला प्लग पॉइंट कोणता?

आधी एक गैरसमज काढून टाकू. ब्लोअर असो, रॉडचा असो की तेलाचा. 2000 वॅटचा हीटर पूर्ण ताकदीने तासभर चालला की 2 युनिट जळणार आणि उष्णताही तेवढीच मिळणार. "हा वीज कमी खातो" या बोलण्याला भुलू नका. फरक आहे तो उष्णता मिळण्याच्या पद्धतीत.

ब्लोअर पाच मिनिटांत खोली उबदार करतो, पण आवाज करतो आणि बंद केला की ऊब लगेच जाते. झोपण्याआधी अर्धा तास लावायला तो बरा. लालभडक रॉडचा हीटर समोर बसलेल्याला शेकतो. वाचत बसायला ठीक, पण झोपेत रजई त्याच्यावर सरकली तर पेट घेईल. तो लावून झोपायचंच नाही.

आजी-आजोबा किंवा तान्हं बाळ असेल, तर तेलाचा हीटर उत्तम. त्यात तेल जळत नाही, फक्त तापतं. ते पुन्हा भरावंही लागत नाही. खोली तापायला अर्धा तास लागतो, पण आवाज नाही, उघडा निखारा नाही. थर्मोस्टॅट असल्याने तो आपोआप बंद-चालू होतो आणि बिलही आवरतं. मात्र त्यावर टॉवेल वाळत घालू नका. जागतिक आरोग्य संघटनेने थंडीत घरात किमान 18 अंश तापमान सुचवलं आहे. म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांच्यासाठी थोडं अधिक. खोलीची भट्टी करायची गरज नाही.

नवा एसी घेणारच असाल, तर 'हॉट अँड कोल्ड' इन्व्हर्टर बघा. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो. त्यामुळे आपल्याकडच्या थंडीत 1 युनिट विजेत साधारण 3 युनिटांएवढी उष्णता मिळू शकते. खरी बचत इथे आहे.

आता प्लग. 2000 वॅटचा हीटर जवळपास 9 अँपियर करंट ओढतो. पलंगाजवळचा छोटा पॉइंट असतो 6 अँपियरचा. तिथे कन्व्हर्टर पिन किंवा एक्स्टेन्शन बोर्ड लावून हीटर चालवाल, तर आधी वायर तापेल. आपली इमारत 25 वर्षांची झाली, वायरिंगही तेवढंच जुनं. हीटर जाड पिनांच्या 16 अँपियरच्या पॉइंटलाच लावा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. पॉइंट नसेल, तर हीटरआधी त्याचा खर्च करा.

आणि हात जोडून एक विनंती. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास, ना रंग. रक्तात प्राणवायूची जागा तो घेतो आणि झोपलेला माणूस जागाच होत नाही. विजेच्या हीटरमध्ये काही जळत नाही, त्यामुळे हा धोका नाही. हवा कोरडी वाटली तर भांडंभर पाणी ठेवा, बास.

हे मी फक्त तुमच्या बेडरूमपुरतं बोलत नाही. आपले वॉचमन गेटपाशी शेकोटी करतात. बाहेर ठीक आहे. पण पहाटे गारठा वाढला की निखारे घमेल्यात घालून केबिनमध्ये न्यायचा आणि दार लावायचा मोह कुणालाही होईल. कमिटीला माझं सांगणं आहे : केबिनमध्ये 16 अँपियरचा पॉइंट आणि एक छोटा तेलाचा हीटर द्या. वीज कॉमन मीटरवर पडेल, पडू द्या. आपण बिनघोर झोपतो ते त्यांच्या जागण्यावर.