पारा उतरतो, उकाडा का वाढतो?



मे महिन्यात विदर्भात दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न पाऱ्याचा. "आज किती?" "त्रेचाळीस." एवढ्यावर दिवसाचा निकाल लागतो. वर्तमानपत्रेही तोच आकडा ठळक छापतात. परंतु हा आकडा अर्धीच हकीकत सांगतो. उरलेली अर्धी हवेतील बाष्पात दडलेली असते, आणि मृगाच्या तोंडावर, शेतीची कामे अंगावर आलेली असताना, हीच अर्धी जिवावर बेतू शकते.

आपले शरीर स्वतःला थंड कसे ठेवते ते आधी पाहू. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश सेल्सिअस असते. हवा त्याहून तापली की शरीरातील उष्णता हवेत जात नाही, उलट हवेतील उष्णता शरीरात येते. अशा वेळी घाम हा एकच आधार उरतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र "वाळताना" हा शब्द लक्षात ठेवावा. अंगावरून ओघळून मातीत पडलेला घाम पाणी आणि मीठ तेवढे नेतो, गारवा देत नाही. घाम वाळेल की ओघळेल, हे हवेत आधीच किती बाष्प आहे यावर ठरते.

हे बाष्प मोजायचे कसे? आपण रेडिओवर "सापेक्ष आर्द्रता इतके टक्के" असे ऐकतो. हा आकडा थोडा फसवा आहे. अकोल्याला मे महिन्यात सकाळी २८ अंश तापमान असताना आर्द्रता ३४ टक्के असेल, तर दुपारी ४३ अंशांना तीच हवा १५ टक्के दाखवील. ओलावा तेवढाच आहे. तापलेल्या हवेची बाष्प धरण्याची ताकद वाढली, म्हणून टक्के घसरले. दवबिंदू मात्र असा फसवत नाही. हवा थंड करत गेल्यास ज्या तापमानाला तिच्यातील बाष्पाचे दव होऊ लागते, ते दवबिंदू तापमान होय. वरील उदाहरणात सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा ते ११ अंशांच्या आसपासच येते.

दवबिंदू घरीही पाहता येतो. चकचकीत स्टीलच्या पेल्यात माठातले पाणी घ्यावे, त्यात तापमापक ठेवावा आणि बर्फाचे बारीक तुकडे एकेक टाकून ढवळत राहावे. पेल्याच्या बाहेरच्या अंगावर धुके धरले की तापमापक वाचावा. शाळेतल्या मुलांना हा प्रयोग जरूर करू द्यावा.

आता तीन दिवस शेजारी ठेवून पाहू. पहिला दिवस मे महिन्यातील अकोल्याचा : ४३ अंश, आर्द्रता १५ टक्के, दवबिंदू ११. दुसरा रत्नागिरीचा : ३३ अंश, ७० टक्के, दवबिंदू २७. तिसरा पुन्हा अकोल्याचाच, पण जूनच्या पहिल्या पंधरवड्यातील. आभाळ भरून येते, पाऊस मात्र नाही : ३९ अंश, ४५ टक्के, दवबिंदू २५. आकडे सोयीसाठी पूर्णांकात घेतले आहेत. त्या त्या भागात असे दिवस नेहमी येतात.

आमच्या हवामान वेधशाळेतील पांढऱ्या पेटीत दोन तापमापक शेजारी लावलेले असतात. एक कोरडा, दुसऱ्याच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळलेली. मलमलीतील पाणी वाळते तसा दुसरा पारा उतरतो. घाम फुटलेल्या अंगाला हवा कशी लागते, याची बरीचशी कल्पना या ओल्या तापमापकावरून येते. वरील तीन दिवसांत तो अनुक्रमे २२, २८ आणि २८ अंश दाखवील. म्हणजे आपल्यापेक्षा दहा अंशांनी थंड असलेली रत्नागिरी ओल्या तापमापकावर सहा अंशांनी गरम ठरते. कोकणातला पाहुणा मे महिन्यात नागपुरात "ऊन फार, पण चिकचिक नाही" असे म्हणतो आणि आपला माणूस तिकडे जाऊन तासाभरात सदरा बदलतो, त्याचे कारण हेच. तिकडे रात्रही सुटका करत नाही. बाष्प जमिनीतून निघणारी उष्णता अडवून धरते, त्यामुळे रात्रीचा पाराही फारसा उतरत नाही. पुण्याकडची हवा मार्च-एप्रिलमध्ये कोरडी, म्हणून रात्री सुखाच्या. मे महिन्यात समुद्रावरचे वारे सायंकाळी घाट चढून येतात, तेव्हा तिकडेही हवा बदलते.

परंतु आपल्या कामाचा आहे तो तिसरा दिवस. मेच्या मानाने पारा चार अंशांनी उतरलेला असतो. नवतपा संपला, आता ऊन कमी झाले, असे म्हणून माणसे दुपारीही वखर धरतात, धसकटे वेचतात, शेणखत पसरतात. त्या दिवशी हवा मात्र रत्नागिरीची असते आणि ऊन आपले!

कूलर याची साक्ष देतो. चांगला कूलर कोरड्या आणि ओल्या तापमापकांतील फरकाच्या सुमारे तीन चतुर्थांश इतकी हवा थंड करतो. मेच्या ४३ अंशांत त्यातून २७ अंशांची झुळूक येते, जूनच्या ३९ अंशांत ३१ ची. यंत्र बिघडले म्हणून लोक ताट्या बदलतात. बिघाड यंत्रात नसतो, ताटीतले पाणी वाळायला हवेत जागाच कमी उरलेली असते. या दिवसांत समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि रात्री पंप बंद करून नुसता पंखा चालवावा.

ज्याच्याकडे तापमापक नाही त्याच्याकडे माठ आहे. माठ हा आपला जुना ओला तापमापकच होय. झिरपणारा, सावलीत, वाऱ्याला ठेवलेला माठ मे महिन्यात पाणी गार देतो. तोच माठ, तीच जागा असताना पाणी कोमट लागू लागले, की अंगावरचा घामही वाळणार नाही असे समजावे आणि त्या दिवसापासून दुपारची मेहनत बंद करावी.

पूर्वी असे मानत की ओला तापमापक ३५ अंशांपर्यंत जाईतो धडधाकट माणूस तग धरतो. २०२२ साली अमेरिकेत तरुण, निरोगी व्यक्तींवरील चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दमट हवेत, हलक्या कामातही, ही मर्यादा ३१ अंशांच्या जवळपासच आढळली. वखर धरणे हे हलके काम नव्हे, आणि वरचे आकडे सावलीतले आहेत. हवामान खातेही उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात ४० आणि किनाऱ्यावर ३७ अंश अशी वेगवेगळी पातळी धरते. नवी मुंबईत खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्यावर भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. जवळच्या केंद्रावरील नोंद ३८ अंशांच्या आसपास होती.

कोरड्या उन्हाचा धोका वेगळा असतो. मे महिन्यात घाम फुटतो तसाच वाळतो, त्यामुळे अंगातील किती पाणी गेले ते कळत नाही. लघवी कमी आणि गडद होऊ लागली तर पाणी कमी पडले आहे. अशा वेळी डोके-कान दुपट्ट्याने झाकावे, अंगभर सुती कपडे घालावे, तहान नसली तरी पाणी पीत राहावे. जूनमध्ये कपडे सैल हवेत आणि बसण्याची जागा वाऱ्याची हवी. बंद टिनाच्या खोलीपेक्षा कडुनिंबाची सावली बरी. केळीची दाट बाग किंवा उन्हाळी धानाचा बांध ही सावलीची किंवा ओलीची ठिकाणे असली, तरी तिथे वारा कोंडला असेल तर गारवा मिळेलच असे नाही. नव्या मजुराला पहिले आठ-दहा दिवस काम थोडे कमी द्यावे. शरीराला सवय व्हायला तेवढा काळ लागतो. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागायचे थांबत नाही. तो भाकरीबरोबर खावा.

जनावरांचे गणितही असेच आहे. दुभत्या जनावरांसाठी तापमान-आर्द्रता निर्देशांक वापरतात. तो ७२ च्या वर गेला की जास्त दूध देणाऱ्या संकरित गाईंना ताण जाणवू लागतो आणि दूध घटते. वरील तीन दिवसांचा हा निर्देशांक ८५, ८६ आणि ८९ येतो. सर्वांत वाईट दिवस पुन्हा जूनचाच! मे महिन्यात गोठ्याला ओले गोणपाट बांधणे उत्तम. जूनमध्ये ते काढून टाकावे, नाहीतर वारा अडून गोठा कोंदट होतो. त्याऐवजी जनावराच्या अंगावर थेट पाणी ओतून वारा लागू द्यावा. टिनावर तुराट्यांचा थर द्यावा. म्हशीची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून तिला डुंबायला पाणी हवेच. कोंबडीला घाम येतच नाही, ती धापा टाकून उष्णता घालवते. दमट दिवशी शेडमध्ये फवारे सोडून पडदे लावल्यास तिची तीही वाट बंद होते.

माणूस बरळू लागला, चालताना झोकांड्या देऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत सावलीत नेऊन कपडे सैल करावेत. अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा. हवा दमट असेल तर ओल्या फडक्याने फारसे भागत नाही; मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. शुद्धीवर असलेल्या थकलेल्या माणसाला एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यावे. चमचा चहाचा घ्यावा आणि मीठ त्याहून जास्त घालू नये.