कोर्टाच्या दारातले मानसशास्त्र
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला तू चार शब्द बोल, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा खरे सांगायचे तर मी घाबरलेच. आपल्यापैकी निम्म्याजणींनी मला फ्रॉकमध्ये पाहिले आहे. काहींनी तर नाक दाबून काढाही पाजला आहे. अशांपुढे विद्वत्तेचा आव आणून चालायचे नाही. तरीही विषय मीच मागून घेतला. तो का मागून घेतला ते पुढे ओघात येईलच.

२०२१ ते २०२४ अशी तीन वर्षे इंग्लंडात राहून मी मानसशास्त्राची पदवी घेतली. त्यात न्यायसहायक मानसशास्त्र, म्हणजे ज्याला सर्वजण फॉरेन्सिक सायकॉलॉजी म्हणतात, तो माझा विशेष विषय. सुटीत घरी आले की जिन्यातच प्रश्न होई, "काय गं, खुन्यांशी बोलतेस म्हणे?" एका काकूंनी तर चेहऱ्यावरून चोर ओळखता येतो का, ते खाजगीत विचारून घेतले. त्यांना नव्या दूधवाल्याचा संशय होता!

भगिनींनो, तीन वर्षांत मी एकही खुनी पाहिला नाही. पहिले वर्ष पुष्कळसे संख्याशास्त्रातच गेले. गणिताचा कंटाळा म्हणून मी हा विषय घेतला होता, आणि तिथे रात्री बारा बारा वाजेपर्यंत सरासरी काढीत बसले! त्याच्या जोडीला मेंदूची रचना, मुलांची वाढ, प्रयोग कसा मांडावा, हे सारे. गुन्हा, साक्ष, तुरुंग यांची पाळी पुढे आली. शिवाय ही पदवी घेतली म्हणजे कुणी न्यायसहायक मानसशास्त्रज्ञ होत नाही. इंग्लंडात ते नाव कायद्याने राखलेले आहे. पदवीनंतर वरचा अभ्यास, मग जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली काम, आणि मगच नोंदणी. पुढे यांतले बरेचजण तुरुंगांत आणि मनोरुग्णालयांत काम करतात. माझी आत्ता कुठे पहिली पायरी चढून झाली आहे. तेव्हा दूधवाल्याबद्दल मला काहीच सांगता आले नाही.

पण या अभ्यासातल्या एका भागाने माझी झोप उडवली. तो म्हणजे साक्षीदाराची स्मृती.

आपण समजतो की आठवण म्हणजे कपाटात घडी करून ठेवलेले पातळ. केव्हाही काढा, तेच. तसे ते नाही. ह्यूगो म्युन्स्टरबर्ग नावाचे हार्वर्डचे प्राध्यापक होते. त्यांच्या घरी चोरी झाली तेव्हा त्यांनी कोर्टात शपथेवर साक्ष दिली. चोरांनी घड्याळ कागदात गुंडाळले होते, असे त्यांनी सांगितले; मागाहून कळले की ते टेबलावरच्या कापडात गुंडाळले होते. आणखीही चुका निघाल्या. मानसशास्त्राच्या प्राध्यापकाची ही गत! त्यांनी हे सारे १९०८ सालच्या आपल्या पुस्तकात प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे.

पुढे १९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस या विदुषींनी जॉन पामर यांच्यासह एक प्रयोग प्रसिद्ध केला. दीडशे विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताचा छोटा चित्रपट दाखविला. मग पन्नासजणांना विचारले, मोटारी एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या पन्नासजणांना तोच प्रश्न, पण 'धडकल्या'च्या ऐवजी 'आदळून चक्काचूर झाल्या' अशा अर्थाचा जोरकस शब्द घालून. उरलेल्यांना वेगाबद्दल काहीच विचारले नाही. आठवड्याने सर्वांना विचारले, फुटलेली काच पाहिलीत का? चित्रपटात काच फुटलीच नव्हती. साधा शब्द ऐकलेल्यांपैकी सातजण 'पाहिली' म्हणाले. जोरकस शब्द ऐकलेल्यांपैकी सोळाजण. ते खोटे बोलत नव्हते. प्रश्नातला एक शब्द त्यांच्या डोळ्यांत जाऊन बसला होता.

वर्गात हे ऐकताना मला मौज वाटली. टिपणे काढली, परीक्षेत चांगले गुण मिळविले. मग २०२३ च्या सुटीत घरी आले, आणि आईने माळा आवरायला लावला.

माळ्यावर मंडळाच्या जुन्या स्मरणिकांचा गठ्ठा होता. एकीत २००९ सालच्या गौरींच्या हळदीकुंकवाचे रंगीत छायाचित्र सापडले. त्या वर्षी, आपली जुनी चाळ उभी होती तेव्हा, गौरीच्या नाकातली मोत्याची नथ नाहीशी झाली. ती कोणाची होती हे आपल्याला ठाऊकच आहे. मी सात वर्षांची होते. संध्याकाळभर आम्ही मुले प्रसादासाठी आतबाहेर पळत होतो. रात्री मला जवळ घेऊन कुणीतरी विचारले, "ती हिरव्या साडीतली मावशी गौरीपाशी एकटीच होती ना गं?" मावशी म्हणजे आपल्या चाळीत पाच घरची भांडी घासणाऱ्या बाई. मी मान हलविली. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रश्न आला, "पदरात काय लपवलं तिनं?" लपवलं का, असे नव्हे, काय लपवलं. मी म्हटले, "चकचकीत काहीतरी." माझ्या पाठीवरून हात फिरला, वर हातात लाडू मिळाला.

पोलिसांत कुणी गेले नाही. गरीब आहे, कशाला, असे मोठ्या मनाने ठरले. पाचही घरची कामे मात्र सुटली. जाताना त्यांनी मला जिन्यात थांबवून विचारले, "बाळा, तू खरंच बघितलंस?" मी हो म्हटले.

त्या छायाचित्रात मावशी मागे दाराशी ताटे घेऊन उभ्या आहेत. साडी विटकरी आहे. हिरवी नाही. आणि मला मात्र आजही डोळे मिटले की हिरवा पदर आणि त्यात चमकणारी ती वस्तू स्वच्छ दिसते. तो हिरवा रंग मी पाहिलेला नाही. मला विचारलेल्या प्रश्नातून तो आला.

कुणी मुद्दाम पढविले असे मी म्हणत नाही. विचारणाऱ्यांनाही तसेच वाटत असणार. नथ मावशींनी घेतली नाही असेही मी सांगू शकत नाही. मी काही पाहिले नव्हते, एवढेच सांगू शकते. आणि एवढे कळायला मला चौदा वर्षे लागली.

लहान मुलाला कसे विचारावे याचे इंग्लंडात आता नियमच आहेत. १९९२ सालापासून मुलांची जबानी चित्रफितीवर घेण्याची रीत आहे. "काय झालं ते सांग" असे मोकळे विचारायचे. उत्तर प्रश्नातच घालायचे नाही. "ठाऊक नाही" हेही चांगले उत्तर आहे, असे मुलाला आधीच सांगायचे. तोच प्रश्न फिरून फिरून विचारायचा नाही, कारण आपले पहिले उत्तर चुकले असे मुलाला वाटते आणि ते दुसरे देते. आपल्याकडेही मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी २०१२ साली जो पोक्सो कायदा झाला, त्यात वकिलांनी मुलाला थेट विचारायचे नाही, प्रश्न न्यायाधीशांमार्फत जायचा, अशी तरतूद आहे. चाळीतल्या स्वयंपाकघरात अर्थात कुठलाच कायदा नव्हता.

आता विषय मागून घेण्याचे कारण. मावशी चाळीमागच्या वस्तीत राहत. ती वस्ती उठली, चाळही पाडली गेली. त्यांना माझ्याच वयाची एक मुलगी होती. पावसात ती आमच्या जिन्यात आईची वाट पाहत बसे. त्या पुढे कुठे गेल्या हे मला कुणी सांगितलेले नाही, आणि दोन वर्षे मीही धीर करून विचारले नाही. आज इथे पाचही घरच्या जणी बसल्या आहेत. कुणाला त्यांचा ठावठिकाणा माहीत असेल, तर चहाच्या वेळी मला जरूर सांगावा. मी दाराशीच उभी राहीन.